'इन्युएंडो' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा लावावा आणि तो मराठीत कसा आणावा

इंग्रजी बातमीत, न्यायालयाच्या निकालपत्रात किंवा नाटकाच्या परीक्षणात 'इन्युएंडो' हा शब्द भेटला, की संदर्भावरून काही अर्थ घेऊन वाचक पुढे जातो. खरी अडचण येते ती भाषांतर करताना. निकालपत्रात 'टोमणा' लिहिला तर कायद्याचा अर्थ हरवतो, परीक्षणात 'गर्भित बदनामी' लिहिली तर विनोद मरतो, आणि 'सूचना' लिहिले तर वाचकाला सोसायटीच्या फळ्यावर लावलेला कागद आठवतो. या शब्दाने साडेचारशे वर्षांत तीन निरनिराळी कामे केलेली आहेत आणि ती तिन्ही आजही चालू आहेत, म्हणून एकच मराठी प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. त्यातले कोणते काम समोरच्या वाक्यात चालले आहे ते आधी ओळखावे लागते. भाषांतर करताना मला उपयोगी पडलेली रीत येथे मांडतो.

आधी शब्द सोडवून पाहावा

उच्चार 'इन्-यू-एन्-डो' असा असून जोर 'एन्'वर येतो. इंग्रजी लेखनात आरंभीच्या स्वरानंतर 'एन' हे अक्षर दोनदा येते, आणि अनेकवचन नुसता 'एस' लावून किंवा 'ईएस' लावून, अशा दोन्ही प्रकारे केलेले शुद्ध मानले जाते.

मूळ लॅटिन क्रियापद 'इन्नुएरे'. त्यातील 'इन्' म्हणजे 'कडे' आणि 'नुएरे' म्हणजे मान हलवणे, म्हणून 'इन्नुएरे' म्हणजे कोणाकडे तरी मान हलवून खूण करणे. हे 'नुएरे' जोडक्रियापदांतच भेटते, पण त्याचा गोतावळा मोठा आहे. होकारार्थी मान हलवणे ते 'अन्नुएरे', नकारार्थी हलवणे ते 'अब्नुएरे'. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर, अपुऱ्या पिरॅमिडच्या वर, 'अन्नुइट कोएप्टिस' अशी अक्षरे आहेत. १७८२ च्या राजमुद्रेतून आलेल्या या शब्दांचा भाव 'आमच्या आरंभलेल्या कार्याला त्याने मान डोलावली', म्हणजे ईश्वराने संमती दिली, असा आहे. देवाची इच्छा या अर्थाचा 'नूमेन' हा शब्दही याच मानेच्या हालचालीतून निघाला. खगोलशास्त्रात पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे १८.६ वर्षांच्या बारीक डुलण्याला 'न्यूटेशन' म्हणतात. जेम्स ब्रॅडली यांनी १७४८ मध्ये जाहीर केलेल्या त्या शोधाचे नावही मान डोलावण्यावरूनच पडले आहे.

आता शब्दाचे रूप पाहावे, कारण अर्थाची किल्ली तेथे आहे. 'इन्नुएंडो' हे लॅटिनमधील क्रियावाचक नामाचे करणार्थी रूप आहे: 'मान हलवून', 'खूण करून'. त्याच जातीच्या नामाची षष्ठीची रूपे आपल्या न्यायालयीन बातम्यांत नेहमी येतात. 'मोडस ऑपरेंडी' म्हणजे 'करण्याची रीत', आणि 'लोकस स्टँडी' म्हणजे 'उभे राहण्याची जागा'. मराठीत 'इन्नुएंडो'च्या रूपाशी आणि अर्थाशी तंतोतंत जुळणारा शब्द आहे तो 'खुणावून'. 'ऊन' प्रत्ययाचे आपले हे धातुसाधित लॅटिन रूपाचे काम जसेच्या तसे करते. म्हणून हा शब्द दिसला, की प्रथम मनात 'खुणावून' असे म्हणून पाहावे. लगेच तीन प्रश्न उभे राहतात: कोण खुणावतो आहे, कोणाला, आणि कशाकडे? या तिन्हींची उत्तरे मिळाली की अर्थ सहसा चुकत नाही.

न्यायालयातला जन्म

हा शब्द इंग्रजीत विनोदाच्या किंवा गप्पांच्या वाटेने आला नाही. लॅटिनमध्ये लिहिल्या जाणाऱ्या कायद्याच्या कागदपत्रांत 'म्हणजे', 'अर्थात' अशा अर्थाने तो वापरला जात असे, आणि सोळाव्या शतकात तेथूनच इंग्रजीत उतरला. कोणी चारचौघांत 'तो चोर आहे' असे म्हटले आणि ज्याच्याबद्दल म्हटले त्याने दावा लावला, तर दाव्यात मूळ उद्गार जसाच्या तसा उद्धृत करावा लागे. त्या उद्गारात नाव नसल्यामुळे वकील मध्येच कंस करून लिहीत असे: 'तो, इन्युएंडो वादी, चोर आहे.' म्हणजे 'तो' असे म्हणताना बोलणाऱ्याने खुणावले ते वादीकडे. कंसातील या स्पष्टीकरणालाच पुढे 'इन्युएंडो' हे नाव पडले, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणत्याही आडून केलेल्या, बहुधा कोणाला कमीपणा आणणाऱ्या सूचनेसाठी तो शब्द रूढ झाला. येथे एक उलटापालट घडली आहे. आरंभी झाकलेला अर्थ उघड करणाऱ्या टिपेचे जे नाव होते, तेच पुढे अर्थ झाकून बोलण्याचे नाव झाले. जुने इंग्रजी निकाल वाचताना हे विसरले, तर वाक्ये अगदी उलटी लागतात.

त्या काळी न्यायाधीश असे दावे फार कठोरपणे तपासत. बोललेल्या शब्दांचा सौम्य अर्थ लागत असेल तर तोच घ्यावा, असा दंडक होता. एका माणसाने म्हटले, की सर टॉमस होल्ट यांनी आपल्या स्वयंपाक्याच्या डोक्यात सत्तूर घातला आणि डोके असे फोडले, की एक भाग एका खांद्यावर आणि दुसरा दुसऱ्या खांद्यावर पडला. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातील या खटल्यात होल्ट यांचा दावा टिकला नाही, कारण स्वयंपाकी मेला असे कोठेही म्हटलेले नव्हते! १६०२ च्या बार्हम खटल्यात 'बार्हमने माझे कोठार जाळले' एवढेच शब्द होते. वादीने त्यांना 'म्हणजे धान्याने भरलेले कोठार' असा इन्युएंडो जोडला, कारण भरलेले कोठार जाळणे हा त्या वेळी गंभीर गुन्हा होता आणि रिकामे जाळणे तसा नव्हता. न्यायालयाने हा इन्युएंडो मानला नाही. इन्युएंडोने शब्दांत असलेला अर्थ स्पष्ट करावा, नसलेला वाढवू नये, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले. आडून केलेल्या बोलण्याचा अर्थ लावणाऱ्या प्रत्येकाने ते आजही जवळ ठेवावे, असे मला मनापासून वाटते, कारण घराघरांतली निम्मी भांडणे रिकामे कोठार ऐकणाऱ्याने स्वतःच धान्याने भरल्यामुळे होतात.

जुन्या दाव्यांतली ही किचकट मांडणी इंग्लंडमध्ये १८५२ च्या कायद्याने बरीच सोपी केली. मात्र शब्द राहिला, आणि आधुनिक बदनामी-कायद्यात त्याचे दोन प्रकार मानले जातात. भाषांतर करताना हा फरक कळणे अत्यावश्यक आहे.

पहिल्या प्रकारात कोणतीही जादा माहिती नसलेला सामान्य वाचक ओळींच्या मधले वाचून जो अर्थ घेईल तो अर्थ येतो. एका वृत्तपत्राने एखाद्या कंपनीच्या कारभाराची पोलिसांचे फसवणूकविरोधी पथक चौकशी करीत असल्याचे छापले, तर 'चौकशी चालू आहे' याचा सामान्य वाचक 'कंपनी दोषी आहे' असा अर्थ घेईल काय? १९६३ मध्ये, त्या वेळी ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, लुइस खटल्यात हाच प्रश्न आला. संशय आहे असे सुचवणे आणि दोष सिद्ध आहे असे सुचवणे यांत अंतर असून निव्वळ चौकशीच्या वृत्तातून समंजस वाचक दोषाचा निष्कर्ष काढणार नाही, असा तेथील कौल होता.

दुसऱ्या प्रकारात शब्द वरवर निर्दोष असतात, पण काही वाचकांना ठाऊक असलेली बाहेरची एखादी गोष्ट त्यांना जोडली, की ते बोचू लागतात. १९२९ च्या कॅसिडी खटल्यातील वृत्तपत्राने एका पुरुषाचे एका तरुणीसोबतचे छायाचित्र छापून खाली त्यांचे लग्न ठरल्याचे लिहिले. या मजकुरात दोष काढण्यासारखे काहीही नव्हते. पण त्या पुरुषाला आधीच पत्नी होती, आणि तिला ओळखणाऱ्यांनी अर्थ घेतला तो असा, की ही बाई लग्नाविनाच त्याच्यासोबत राहत होती. दावा तिने लावला आणि जिंकला. १९३१ च्या टॉली खटल्यात हौशी गोल्फपटू टॉली यांचे व्यंगचित्र त्यांना न विचारता चॉकलेटच्या जाहिरातीत वापरले गेले होते. हौशी खेळाडूने खेळाच्या नावावर पैसे घेऊ नयेत हा नियम ज्यांना ठाऊक होता, त्यांच्या दृष्टीने त्या हसऱ्या चित्राचा अर्थ 'यांनी पैसे घेतले' असा होत होता, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तो ग्राह्य मानला. या प्रकाराला कायद्यात 'खरा इन्युएंडो' म्हणतात, आणि ती बाहेरची माहिती कोणती व कोणाला होती हे वादीला दाव्यात मांडावे लागते.

खुणावण्यासाठी शब्दच लागतात असेही नाही. १८९४ च्या मॉन्सन खटल्यात तर मेणाचा पुतळाच आक्षेपार्ह ठरला. खुनाच्या आरोपातून 'सिद्ध झाले नाही' या स्कॉटिश निर्णयाने सुटलेल्या माणसाचा तो पुतळा प्रसिद्ध मेणसंग्रहालयात गुन्हेगारांच्या दालनाजवळ ठेवला होता. येथे केवळ जागेने बोट दाखवले.

भारतीय कायद्यात हा विचार मला सर्वांत सुंदर रीतीने मांडलेला दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार उपरोधाने किंवा 'हे नाहीतर ते' अशा पर्यायी रूपात केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात हा आशय कायम आहे. त्याखालील तीन उदाहरणे मुळातून वाचावीत. पहिल्यात एक जण म्हणतो, 'अमुक मनुष्य प्रामाणिक आहे, त्याने तमक्याचे घड्याळ कधीच चोरले नाही', आणि हेतू असतो तो चोरले असे पटवण्याचा. दुसऱ्यात घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर तो नुसते एकाकडे बोट दाखवतो. तिसऱ्यात तो घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचे चित्र काढतो. वाक्य, बोट आणि चित्र हे तिन्ही कायद्याने एका पंक्तीला बसवले, आणि त्यातले बोट तर लॅटिन शब्दातल्या मानेचे सख्खे भावंड आहे.

मम्मटाची यादी हाताशी ठेवावी

इंग्रजी वाक्यात इन्युएंडो आहे की नाही हे ठरवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन संस्कृत साहित्यशास्त्रातले आहे. शब्दाचा सरळ अर्थ देणारी अभिधा, तो अर्थ जुळत नसेल तर शेजारचा देणारी लक्षणा, आणि दोन्ही संपल्यावर मागे घुमणारा अर्थ देणारी व्यंजना, या तीन शक्तींपैकी इन्युएंडो सर्वस्वी व्यंजनेच्या प्रांतात येतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिताना या व्यंजनेसाठी जे उदाहरण आधी घेतले ते मराठी वाचकाला विशेष जवळचे आहे, कारण ते गाथासप्तशतीतले, महाराष्ट्री प्राकृतातले आणि गोदावरीच्या काठचे आहे. एक स्त्री रोज फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते, की आता निर्धास्तपणे हिंडा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारले. शब्द सांगतात 'या', आणि अर्थ होतो 'पुन्हा इकडे फिरकू नका', कारण ती झाडी तिच्या प्रियकराशी भेटण्याची जागा आहे.

असा अर्थ कशावरून कळतो हे अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त मोजून सांगितले: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, वाक्य आणि त्याचा सरळ अर्थ काय, जवळ तिसरे कोण आहे, प्रसंग, स्थळ आणि काळ कोणते. इंग्रजी उताऱ्यातील संशयित वाक्य घ्यावे आणि या यादीतील एकेक गोष्ट बदलून पाहावी. जी बदलताच सुचवलेला अर्थ नाहीसा होतो, तिच्यात इन्युएंडोचे मूळ आहे. ऐकणारा बदलला की काय होते हे मम्मटाने 'सूर्य मावळला' या एका वाक्यावर दाखवले आहे. गुराख्याला त्यातून गुरे वळवायची आठवण होते, मजुराला काम थांबवायची, आणि अभिसारिकेला, म्हणजे प्रियकराला भेटायला जाणाऱ्या स्त्रीला, निघायची. कॅसिडी खटल्यातील छायाचित्राचेही हेच झाले. पत्नीला ओळखणारा वाचक आला आणि अर्थ बदलला.

यादीतील 'जवळ तिसरे कोण आहे' या मुद्द्यावर मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीत त्याची सगळी रचना आलेली आहे. सासू बोलते लेकीशी, शब्द लेकीला लागू पडतात, आणि अर्थ पोहोचतो तो चुलीपाशी बसलेल्या सुनेला. इंग्रजी कादंबरीत एखादे पात्र जेवणाच्या टेबलावर एकाशी बोलत असताना दुसऱ्याच पात्राचा चेहरा उतरला असे वर्णन आले, तर तेथे हा प्रकार आहे असे समजावे.

विसाव्या शतकात पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने वेगळ्या वाटेने याच मुक्कामाला येऊन १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत सांगितले, की संभाषणात माणसे एकमेकांकडून पुरेशी आणि प्रस्तुत माहिती मिळेल असे गृहीत धरतात, आणि ती मिळाली नाही की न बोललेला अर्थ शोधतात. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी लिहिलेल्या शिफारसपत्रात प्राध्यापकाने फक्त विद्यार्थ्याची भाषा चांगली आहे आणि हजेरी नियमित आहे एवढेच लिहिले, तर निवड करणाऱ्याला काय समजायचे ते समजते. येथे खुणावते ते मौन. म्हणून काय म्हटले आहे याच्याइतकेच काय म्हणायला हवे होते आणि म्हटले नाही, हेही तपासावे.

शेजारचे शब्द वेगळे ठेवावेत

'हिंट' हा तटस्थ शब्द आहे. कोड्यालाही हिंट असते आणि वाढदिवसाच्या भेटीचीही. 'अल्यूजन'चे मूळ 'खेळणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, आणि त्यात एखाद्या प्रसिद्ध ग्रंथाचा वा घटनेचा नाव न घेता केलेला उल्लेख असतो, त्याला मराठीत 'संदर्भसूचन' पुरते. 'इन्सिन्युएशन' मात्र इन्युएंडोच्या इतका जवळ आहे, की इंग्रजी लेखकही ते अदलाबदलीने वापरतात. त्याच्या मुळाशी 'सीनुस' म्हणजे वळण, वस्त्राची घडी, ओटी असा शब्द असून भाव 'वळणावळणाने आत शिरणे' असा आहे. म्हणून एखादा आरोप किंवा संशय कणाकणाने मनात उतरवला जात असेल तेथे तो अधिक शोभतो. या 'सीनुस'ची एक भारतीय सोयरीक सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतीय गणितींचा, वर्तुळातील ज्या या अर्थाचा 'जीवा' हा शब्द अरबीत जसाच्या तसा घेतला गेला, अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे तो ओटी किंवा खिसा या अर्थाच्या 'जैब'सारखा वाचला गेला, आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा 'सीनुस' केला. शाळेतल्या त्रिकोणमितीतला 'साइन' तो हाच.

मराठीत आणताना

कायद्याच्या मजकुरात 'इन्युएंडो' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पहिल्या ठिकाणी 'शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे सूचित होणारा बदनामीकारक अर्थ' असा खुलासा जोडावा आणि पुढे 'सूचितार्थ' वापरावा. वृत्तलेखनात कोणी कोणावर 'इन्युएंडोद्वारे' आरोप केला असेल, तर नामाच्या मागे लागू नये. 'नाव न घेता रोख ठेवला', 'आडून सुचवले', 'बोलण्याचा रोख अमुककडे होता' अशी क्रियापदांची वाक्ये मराठीत अधिक स्वाभाविक वाटतात, आणि 'रोख' या शब्दात मूळची दिशाही टिकते.

तिसरे काम रंगभूमीचे. विसाव्या शतकातील ब्रिटिश प्रहसनांत आणि विनोदी चित्रपटांत निरागस वाक्यामागे शृंगारिक अर्थ दडवण्याची जी परंपरा फुलली, तिलाही इन्युएंडो हेच नाव आहे, आणि आज बोलीत हा अर्थ बहुधा प्रथम आठवतो. तेथे 'द्वयर्थी' हा शब्द नेमका बसतो, आणि तमाशाच्या बतावणीपासून दादा कोंडके यांच्या संवादांपर्यंत ही जात आपल्या वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. मैत्रीतल्या निर्विष सूचनेला 'कोपरखळी' द्यावी. तो शब्दही अंगाच्या हालचालीतूनच आला असल्यामुळे मूळ शब्दाचा चांगला जोडीदार ठरतो. 'टोमणा' मात्र जपून वापरावा, कारण टोमणा ज्याला मारला त्याला तो झोंबावा हाच हेतू असतो, तर इन्युएंडो अनेकदा ज्याच्याबद्दल असतो त्याच्या पाठीमागे आणि तिसऱ्यासाठीच केलेला असतो. 'नरो वा कुंजरो वा' हाही पर्याय नाही, कारण त्यात कोणाकडे खुणावलेले नसून उत्तर टाळलेले असते.

शेवटी हीच तपासणी आपल्या स्वतःच्या लेखनावर करावी, विशेषतः दुसऱ्याबद्दल लिहिताना. 'अध्यक्षांनी या वर्षी हिशेब वेळेवर सादर केले' हे वाक्य खरे असेल, पण 'या वर्षी' हे दोन शब्द मागच्या वर्षांकडे मान हलवतात. मागच्या वर्षांबद्दल खरोखर काही सांगायचे असेल, तर ते पुराव्यासह उघड लिहावे. नसेल, तर ते दोन शब्द काढून वाक्य पुन्हा वाचावे.